वंश, मूत्रपिंड आणि प्राणवायूचा तुटवडा

अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीत एक कोडं आहे. मूत्रपिंडाचा कर्करोग झालेल्या कृष्णवर्णीय रुग्णांची गाठ गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत अधिक वेळा लवकर सापडते, म्हणजे लहान असताना आणि मूत्रपिंडाबाहेर पसरण्याआधी. त्यांच्यात जो प्रकार जास्त दिसतो, तोही बऱ्याचदा सौम्य मानला जातो. मग ते जास्त जगायला हवेत. पण १९९२ ते २००७ या काळातल्या सुमारे ४०,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निदानानंतर ५ वर्षं जगण्याचं प्रमाण गोऱ्यांत सुमारे ७३ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ६८ टक्के निघालं. एकाच टप्प्याचे, एकाच आकाराच्या गाठीचे, एकाच प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तरी फरक राहिलाच.

दुसरं कोडं याहून विचित्र आहे. कालपर्यंत मैदानावर धावणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा लघवीतून रक्त जातंय म्हणून दवाखान्यात येतो. तपासणीत मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात गाठ दिसते आणि तोवर ती बहुतेक वेळा पसरलेली असते. मूत्रपिंडाचा कर्करोग हा एरवी साठीच्या आसपासचा आजार. हा प्रकार मात्र जवळजवळ फक्त तरुणांना होतो, आणि त्यातही आफ्रिकन वंशाच्या तरुणांना, असं पाठ्यपुस्तकं सांगतात.

दोन्ही ठिकाणी ‘वंश’ हे उत्तर म्हणून पुढे येतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण पेशीला माणसाचा वंश कळत नाही. तिला कळतं ते आजूबाजूला प्राणवायू किती आहे, मीठ किती आहे, शेजारच्या पेशी जिवंत आहेत की मेल्या आहेत. त्यामुळे वंशाच्या मागे नेमकं काय दडलं आहे हे एकेक करून सोडवून पाहावं लागतं. ते सोडवलं की त्यातला एक धागा आपल्या विदर्भात आणि नंदुरबारात येऊन पोचतो.

गाठ एक, प्रकार अनेक

आपण ‘किडनीचा कॅन्सर’ म्हणतो तेव्हा एकच आजार डोळ्यांसमोर असतो. पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते वेगवेगळे आजार दिसतात. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सुमारे १० लाख सूक्ष्म नळ्या असतात. नळीच्या सुरुवातीच्या भागातली पेशी बिघडली तर एक प्रकार होतो, शेवटच्या भागातली बिघडली तर दुसरा. बिघडलेलं जनुक वेगळं, वाढण्याची रीत वेगळी आणि लागू पडणारं औषधही वेगळं.

*चौकट : मुख्य प्रकार*
*क्लिअर सेल – सर्वांत जास्त आढळणारा, चारांतले जवळपास तीन रुग्ण याचे. व्हीएचएल या जनुकातल्या बिघाडाशी जोडलेला.*
*पॅपिलरी – साधारण सहा-सात रुग्णांत एक. सूक्ष्मदर्शकाखाली बोटांसारखे उंचवटे दिसतात. डायलिसिसवरच्या रुग्णांत जास्त.*
*क्रोमोफोब – सुमारे वीस रुग्णांत एक. बहुधा हळू वाढणारा.*
*मेड्युलरी – अतिशय दुर्मीळ, अतिशय आक्रमक. सिकलसेलच्या वाहकांत.*

ही वाटणी सगळ्या समाजांत सारखी नसते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत क्लिअर सेलचा वाटा कमी आणि पॅपिलरीचा जास्त असतो. त्यांच्यात जवळपास चारांत एका रुग्णाला पॅपिलरी प्रकार होतो, तर गोऱ्यांत दहांत एखाद्याला. चौथा, मेड्युलरी प्रकार एकूण आकडेवारीत दिसणारही नाही इतका विरळा आहे, पण वंशाचं कोडं त्याच्याइतकं स्पष्टपणे दुसरं कोणीच सोडवत नाही. क्रोमोफोब बाजूला ठेवू आणि बाकीचे तीन पाहू.

प्राणवायू असून नसल्यासारखा

क्लिअर सेलची गाठ कापली की आतून सोनेरी पिवळी दिसते, कारण तिच्या पेशींत चरबी ठासून भरलेली असते. सूक्ष्मदर्शकासाठी तिचा पातळ काप तयार करताना ही चरबी रसायनांत विरघळून जाते आणि काचपट्टीवर रिकाम्या, पारदर्शक पेशींची रांगच्या रांग उरते.

या पेशींत काय बिघडलेलं असतं? शरीरातली प्रत्येक पेशी आपल्याला प्राणवायू पुरेसा मिळतो आहे की नाही याची सतत चाचपणी करत असते. त्यासाठी ती एचआयएफ नावाचं प्रथिन अखंड तयार करते. प्राणवायू पुरेसा असेल तर व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन एचआयएफला पकडून नष्ट करायला पाठवतं. प्राणवायू कमी पडला की ही पकड सुटते, एचआयएफ साठतं आणि ‘नव्या रक्तवाहिन्या वाढवा’ असे संदेश सुटतात. व्हीएचएलचं जनुक १९९३ साली सापडलं. प्राणवायू ओळखण्याच्या या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

क्लिअर सेल कर्करोगात व्हीएचएलच निकामी झालेलं असतं. भोवती प्राणवायू भरपूर असतानाही पेशी तुटवडा असल्यासारखी वागते, रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्यांच्या जोरावर गाठ वाढवते. २००५–०६ मध्ये आलेली सोराफेनिब आणि सुनिटिनिब ही औषधं नेमकी या नव्या रक्तवाहिन्यांवर घाव घालतात. या आजारात ती मोठी झेप होती.

पण हा सगळा उलगडा प्रामुख्याने कुणाच्या गाठींवरून झाला? अमेरिकेतल्या एका मोठ्या जनुकीय प्रकल्पातली क्लिअर सेलची माहिती २०१६ मध्ये वंशानुसार वेगळी करून पाहिली गेली, तेव्हा त्यात ४१९ गोरे आणि फक्त १९ कृष्णवर्णीय रुग्ण निघाले. ज्यांच्या जनुकांची तपासणी उपलब्ध होती, त्यांत गोऱ्यांच्या निम्म्या गाठींत व्हीएचएलचा बिघाड होता. कृष्णवर्णीयांच्या १२ गाठींपैकी २ मध्येच होता. एचआयएफच्या खुणाही त्यांच्यात कमी दिसल्या. म्हणजे नाव तेच, काचपट्टीवर दिसायलाही तसंच, आणि आतली यंत्रणा कदाचित वेगळी. खरं असेल तर रक्तवाहिन्यांवर घाव घालणारी औषधं या रुग्णांत तितकी उपयोगी पडणार नाहीत. १२ गाठींवरून शेवटचा शब्द बोलता येत नाही हे उघड आहे. माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत गंभीर आकडा हा १२ च आहे. देशात दर आठ माणसांत एक कृष्णवर्णीय असताना, त्यांच्या आजाराबद्दल इतक्या कमी गाठींवरून बोलण्याची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

थकलेल्या मूत्रपिंडातली वाढ

पॅपिलरी प्रकाराची वाट वेगळी आहे आणि ती बऱ्याच वेळा कर्करोगाच्या कित्येक वर्षं आधी, उच्च रक्तदाबापासून सुरू होते.

मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जातं तेव्हा त्यातल्या नळ्या एकेक करून मरतात. उरलेल्या नळ्यांवर सगळा भार येतो. त्या फुगतात, त्यांच्या अस्तरातल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि जागोजागी पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या, म्हणजे सिस्ट, तयार होतात. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत अशा सिस्ट आणि त्यांच्यात गाठी होतात, हे १९७७ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं. १० वर्षं डायलिसिस झालेल्या बहुसंख्य रुग्णांत अशा सिस्ट सापडतात. पेशी जितक्या वेळा विभागते तितक्या वेळा तिच्या जनुकांची नक्कल होते, आणि प्रत्येक नकलेत चूक राहण्याची शक्यता असते. अशा मूत्रपिंडांत होणाऱ्या कर्करोगांत पॅपिलरीचा वाटा एरवीपेक्षा बराच मोठा असतो.

आता हे अमेरिकेच्या संदर्भात पाहा. कृष्णवर्णीय लोक तिथे लोकसंख्येच्या सुमारे १३ टक्के आहेत, पण डायलिसिसवरच्या रुग्णांत त्यांचा वाटा एक तृतीयांश किंवा त्याहून थोडा जास्त आहे. ज्या समाजात इतकी मूत्रपिंडं थकलेली आहेत, तिथे थकलेल्या मूत्रपिंडाचा कर्करोग जास्त दिसणारच.

मूत्रपिंडं थकतात ती का? पहिलं कारण रक्तदाब. डेट्रॉइट आणि शिकागोमध्ये २००२ ते २००७ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की उच्च रक्तदाब असलेल्या गोऱ्यांत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका रक्तदाब नसलेल्यांच्या सुमारे १.९ पट होता, तर कृष्णवर्णीयांत २.८ पट. रक्तदाब जितकी जास्त वर्षं, तितका धोका वाढत गेला. कृष्णवर्णीयांत उच्च रक्तदाब कमी वयात सुरू होतो आणि अनेकांचा नीट ताब्यात राहत नाही. त्यामागे आहाराइतकेच राहणीमानाचे, कामाचे, विम्याचे आणि औषध सुटण्याचे प्रश्न आहेत.

दुसरं कारण जनुकीय आहे आणि त्याचा उगम पश्चिम आफ्रिकेत आहे. त्सेत्से माशीमुळे होणारा निद्रारोग तिथे हजारो वर्षं माणसं मारत आला. एपीओएल-१ या जनुकाची दोन बदललेली रूपं या रोगाच्या परजीवीपासून बचाव करतात, म्हणून ती तिथे टिकली आणि पसरली. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर मात्र मूत्रपिंडाचे काही आजार होण्याचा धोका बराच वाढतो, हे २०१० मध्ये उघड झालं. आफ्रिकन अमेरिकनांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत या दोन्ही प्रती असतात. त्या सगळ्यांचं मूत्रपिंड बिघडत नाही. बहुतेकांचं आयुष्यभर ठीक चालतं. पण त्यात रक्तदाबाची किंवा एखाद्या संसर्गाची भर पडली तर तोल जातो.

तिसरं कारण मात्र दवाखान्याच्या आत तयार झालं. मूत्रपिंड किती टक्के काम करतं हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून एका सूत्राने काढतात. १९९९ नंतर रूढ झालेल्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.२१ ने गुणायचं, असा नियम होता. या लोकांचे स्नायू जास्त भरीव असतात, म्हणून क्रिएटिनिन जास्त दिसतं, असा त्यामागचा तर्क. परिणाम काय झाला? एखाद्याचं मूत्रपिंड खरोखर १८ टक्के चालत असेल तर कागदावर जवळपास २२ दिसायचं. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागण्याची मर्यादा २० टक्के आहे. त्याचं नाव लागायला उशीर व्हायचा आणि डायलिसिसची वर्षं वाढायची. २०२१ मध्ये वंशाचा हा गुणक सूत्रातून काढला गेला आणि २०२३ पासून आधीच्या रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ भरून देण्याचा नियम लागू झाला. वंशाला जीवशास्त्र समजून आकडेमोडीत घातलं की काय घडतं, याचं हे मी पाहिलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

कालव्याच्या टेलला

आता त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे येऊ.

१९९५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या लष्करी पॅथॉलॉजी संस्थेतल्या चार्ल्स डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. २२ वर्षांत त्यांच्याकडे तपासणीसाठी आलेल्या गाठींतून त्यांनी ३४ रुग्ण वेगळे काढले होते. जवळजवळ सगळे ११ ते ३९ या वयातले, कृष्णवर्णीय. लहान वयात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या तिप्पट. शस्त्रक्रियेनंतर सरासरी आयुष्य १५ आठवडे. आणि काचपट्टीवर, गाठीच्या आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांत, विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी. बहुतेकांना सिकलसेलचा आजार नव्हता, ते नुसते वाहक होते. सिकल हिमोग्लोबिनमुळे मूत्रपिंडात होणारे सहा विकार तोवर माहीत होते; डेव्हिस यांनी या कर्करोगाला सातवा म्हटलं.

वाहक म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा दुवा बदलला की सिकल हिमोग्लोबिन तयार होतं. आईवडील दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर सिकलसेलचा आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक होतो. त्याच्या तांबड्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन सुमारे ३५ ते ४० टक्के आणि बाकीचं चांगलं असतं. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू सुटल्यावर एकमेकांना चिकटून ताठ दोर तयार करतात आणि पेशी वाकते. वाहकात चांगलं हिमोग्लोबिन मधे येतं, त्यामुळे शरीरात जवळजवळ कुठेही हे घडत नाही. म्हणूनच वाहक निरोगी असतो.

अपवाद मूत्रपिंडाच्या गाभ्याचा. हा गाभा समजायला कालव्याचं पाणी आठवावं. धरणातून पाणी भरपूर सुटतं, पण हेडचे शेतकरी आपापलं उचलतात, वाटेत पाझरही होतो, आणि टेलच्या शेतापर्यंत जेमतेम ओल पोचते. दोन्ही मूत्रपिंडांना मिळून हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा मिळतो, आणि त्यांच्या वजनाच्या मानाने हे प्रमाण फार मोठं आहे. पण त्यातलं ९० टक्के बाहेरचं आवरण घेतं. आतल्या गाभ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खोल उतरतात, टोकाला वळतात आणि उतरत्या फाट्याला जवळजवळ चिकटून परत वर येतात. उतरणाऱ्या रक्तातला प्राणवायू वाटेतच शेजारच्या परतणाऱ्या रक्तात पाझरतो. अगदी टोकाच्या पेशींना उरतो तो फारच थोडा. हा प्रवाह मुद्दाम संथ ठेवलेला असतो, कारण गाभ्यात मूत्रपिंडाने मीठ साठवलेलं असतं आणि त्या मिठाच्या जोरावरच लघवीतलं पाणी परत शोषून घेता येतं. प्रवाह जोराचा असता तर मीठ वाहून गेलं असतं आणि आपल्याला दिवसभर पाणी पीत राहावं लागलं असतं.

म्हणजे गाभ्यात प्राणवायू कमी आणि मीठ रक्ताच्या तीन-चार पट दाट. मिठामुळे तांबड्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि आतलं सिकल हिमोग्लोबिन आणखी दाटतं. शरीरात एरवी सुखाने फिरणारी वाहकाची पेशी इथे वाकते आणि अडकते. टेलच्या शेताला मिळणारी ओलही थांबते. अनेक वाहकांना लघवी नीट दाट करता येत नाही आणि काहींच्या लघवीतून मधूनच, न दुखता रक्त जातं, ते याच कारणाने.

या ठिकाणच्या पेशी वर्षानुवर्षं गुदमरत जगतात, जखमी होतात, दुरुस्त होतात. प्राणवायूचा तुटवडा आणि दाट मीठ या दोन्हींमुळे डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटण्याचं प्रमाण वाढतं आणि दुरुस्ती घाईची होते. २२ व्या गुणसूत्रावर एसएमएआरसीबी-१ नावाचं जनुक आहे. डीएनएचा कुठला भाग उघडायचा आणि कुठला मिटून ठेवायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा ते भाग आहे. गुणसूत्राचा हा पट्टा मुळातच सहज तुटणारा. टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, इथे तूट झाली आणि चुकीची सांधली गेली की हे जनुक हरवतं, आणि ते हरवलेली पेशी त्या गुदमरलेल्या वातावरणात इतरांपेक्षा चांगली तग धरते. तिथून मेड्युलरी कर्करोग सुरू होतो.

निदानाच्या वेळी हे हरवणं डोळ्यांनी दिसतं. गाठीच्या कापावर या जनुकाच्या प्रथिनाला चिकटणारा रंग टाकतात. आसपासच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. कर्करोगाच्या पेशींची केंद्रकं मात्र निळसर, कोरी राहतात. तपकिरी ठिपक्यांच्या मधे कोऱ्या पेशींचे पुंजके दिसले आणि रुग्ण तरुण असला, की पॅथॉलॉजिस्ट लगेच विचारतो: सिकलसेलची तपासणी केली आहे का?

आणखी एक खूण याच स्पष्टीकरणाला बळ देते. हा कर्करोग ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांत उजव्या मूत्रपिंडात होतो. उजव्या मूत्रपिंडाची धमनी डावीपेक्षा लांब असते आणि मोठ्या शिरेच्या मागून जाते, म्हणजे तिथला कालवाच मुळात लांब. वाहकांत कर्करोगाशिवाय होणारा रक्तस्राव मात्र बहुधा डाव्या बाजूने होतो. एम. डी. अँडरसनमधल्या त्याच गटाने २०२१ मध्ये असंही नोंदवलं, की त्यांच्या रुग्णांत अतिशय जोराचा व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. जोराच्या श्रमात रक्त स्नायूंकडे वळतं आणि मूत्रपिंडाचं घटतं. लहान वयात मुलग्यांत हा आजार जास्त का, याचं एक उत्तर इथे असू शकतं. वाहकांनी खेळू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. मध्यम व्यायामाने असं काही होत असल्याचं दिसलेलं नाही.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते, की क्लिअर सेल आणि मेड्युलरी हे दोन्ही कर्करोग प्राणवायूच्याच प्रश्नातून येतात. एकात तुटवडा नसताना पेशी तुटवडा आहे असं समजते. दुसऱ्यात तुटवडा खराखुरा असतो. म्हणून एकाची औषधं दुसऱ्याला चालत नाहीत. सुनिटिनिबसारखी औषधं मेड्युलरीवर जवळजवळ निरुपयोगी ठरली. प्लॅटिनमवर आधारलेल्या जुन्या केमोथेरपीने काही रुग्णांच्या गाठी आकसतात, आणि अलीकडच्या एका रुग्णगटात निम्मे रुग्ण सुमारे १३ महिन्यांहून अधिक जगले. १५ आठवड्यांच्या तुलनेत ही प्रगती आहे, पण प्रकार ओळखण्यात गेलेला प्रत्येक आठवडा त्यातून वजा होतो.

‘आफ्रिकन वंश’ म्हणजे नेमकं कोण?

या तीन वाटा शेजारी ठेवल्या की दिसतं, की त्यांना जोडणारं एकच कारण नाही. मेड्युलरीत कारण हिमोग्लोबिन आहे. पॅपिलरीत थकलेलं मूत्रपिंड, आणि त्यामागे अर्धं जनुक, अर्धं जगणं. क्लिअर सेलमधला फरक अजून उलगडलेला नाही. अमेरिकेच्या फॉर्मवर या सगळ्यांपुढे एकाच चौकोनात खूण होते.

तो चौकोन भरणाऱ्यांचे पूर्वज मुख्यतः पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले आणि त्यांच्या जनुकांत आज सरासरी पाचवा हिस्सा युरोपीय आहे. आफ्रिका खंडात माणसांची जितकी जनुकीय विविधता आहे तितकी जगात कुठेच नाही. सिकलचं जनुक नायजेरियाच्या काही भागांत चारांत एकाकडे असतं, तर इथिओपियाच्या उंच पठारावर आणि खंडाच्या दक्षिण टोकाला ते विरळ आहे, कारण ते मलेरियाच्या मागोमाग पसरलं. वाहकांना मलेरियाचा जीवघेणा झटका कमी येतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. मलेरिया जिथे होता तिथे हे जनुक टिकलं: आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठी, अरबस्तानात आणि भारतात. मेड्युलरी कर्करोगाच्या नोंदीही आफ्रिकन वंशाच्या नसलेल्या वाहकांत झाल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण त्यांनी वंशाचं उत्तर मोडीत काढलं आहे.

मग लवकर सापडूनही आयुष्य कमी का?

सुरुवातीचं कोडं आता थोडं सुटतं. गाठ लवकर सापडते, कारण डायलिसिसच्या किंवा इतर आजारांच्या निमित्ताने पोटाची सोनोग्राफी, सीटी होत राहते. पण जो रुग्ण आधीच डायलिसिसवर आहे, ज्याचं हृदय रक्तदाबाने थकलेलं आहे, तो गाठ काढल्यावरही त्या आजारांतून सुटत नाही. शस्त्रक्रिया न होण्याचं प्रमाणही कृष्णवर्णीयांत जास्त आहे.

आणि पसरलेल्या आजारात औषधांचा प्रश्न येतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक मोठ्या चाचण्या फक्त क्लिअर सेलच्या रुग्णांवर झाल्या. ज्या समाजात पॅपिलरी जास्त आहे, तो समाज त्या अटीनेच बऱ्याच अंशी बाहेर राहिला, आणि चाचणी घेणाऱ्या मोठ्या केंद्रांपर्यंत पोचणं अवघड असल्याने आणखी बाहेर राहिला. पॅपिलरीसाठी वेगळी चाचणी घेतल्यावर काय हाती लागतं, ते २०२१ मध्ये दिसलं. पॅपिलरीत बऱ्याचदा बिघडणाऱ्या एमईटी या जनुकाच्या प्रथिनालाही अडवणारं कॅबोझँटिनिब दिल्यावर आजार ९ महिने रोखला गेला. सुनिटिनिबवर तो ५.६ महिनेच रोखला जात होता. चाचणी लहान होती, पण आधी झाली असती तर कितीतरी रुग्णांना ते औषध आधी मिळालं असतं.

विदर्भ, सातपुडा आणि एक कार्ड

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावतीपासून सातपुड्यातल्या नंदुरबारपर्यंत वाहकांची संख्या मोठी आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यासह अनेक समाजांत हे जनुक आहे. २०२३ च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर कार्ड मिळतं. लग्न जुळवताना दोघांची कार्डं पाहावीत, वाहक-वाहक लग्नात मुलाला आजार होऊ शकतो, हे आशाताई गावोगाव समजावतात. ‘वाहक म्हणजे रुग्ण नव्हे’ हेही सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं, कारण कार्डावरून मुलींची लग्नं मोडली जातात.

त्या सांगण्यात फक्त एका ओळीची भर हवी आहे. मेड्युलरी कर्करोग वाहकांतही अत्यंत दुर्मीळ आहे. अंदाज २०,००० ते ३९,००० वाहकांत एक असा आहे. आपल्याकडच्या अनेक आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमियाचं जनुकही असतं, आणि ते असलेल्या वाहकाच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन कमी भरतं, तेव्हा त्याच्या मूत्रपिंडाच्या गाभ्याला होणारा जाचही कमी असावा. त्यामुळे घाबरून जाण्यासारखं काही नाही, दरवर्षी स्कॅन करून घेण्याचीही गरज नाही. वाहकाच्या लघवीत रक्त दिसलं तरी त्याचं कारण बहुतेक वेळा खडा, जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा सिकलमुळे होणारा साधा रक्तस्राव असतो.

पण रक्त दिसलं, किंवा एका कुशीत सतत दुखत राहिलं, वजन घटत गेलं, तर ‘सिकलमुळे होतं असं’ म्हणून घरी बसू नये आणि डॉक्टरांनीही तसं म्हणून परत पाठवू नये. आपण वाहक आहोत हे डॉक्टरांना आपणहून सांगावं, कार्ड दाखवावं. ग्रामीण रुग्णालयात लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी होते. रक्त जात राहिलं किंवा सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या आतल्या भागात काही दिसलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सीटी करून घ्यावं. तरुण रुग्णाच्या मूत्रपिंडातली गाठ पॅथॉलॉजीत गेली, तर सोबतच्या कागदावर ‘सिकल वाहक’ हे दोन शब्द लिहिलेले असावेत. तेवढ्यावरून पॅथॉलॉजिस्ट त्या तपकिरी रंगाची तपासणी पहिल्याच दिवशी लावू शकतो.